पाच भावक्यांचं तळं

आमच्या जावयाला 'नाही' म्हणता येत नाही. म्हणजे घरात येतं. चंद्रीनं काही विचारलं, की तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत याचं 'नाही' तयार असतं. पण उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं आणि समोर कुणी पटकेवाला दिसला, की हा गडी पातळ होतो. कुणी म्हटलं, जयसिंगराव, चार दिवस बैल द्या, दिला. कुणी म्हटलं, आमच्या पोराच्या लग्नात पंगत वाढायला उभे रहा; सकाळपासून उभा. बैल माझ्या गोठ्यातला, जावई माझ्या घरातला, आणि नाव मात्र त्याचं. गावात म्हणतात, धोंडाबाईचा जावई लाखात एक. म्हणतीलच. मला कुणी ऐन नांगरटीला फुकट बैल दिला तर मीही म्हणेन.

तो घरजावई आहे, हे सांगायला हवं. मला एकच लेक, चंद्री. मालक वारले होते, आणि माझ्यामागं घरचं बाकीचं रान माझ्या दिराच्या पोरांच्या ताब्यात जाणार, कागद काही का म्हणेना, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं आणि दिराच्या पोरांना तर झोपेतही ठाऊक होतं. माझं म्हणून एकच होतं, ओहोळाच्या कडेचं वीस गुंठ्यांचं खाचर. माझ्या बापाची जमीन मुळशीच्या धरणाखाली गेली. जे काठावर उरलं त्यातलं हे खाचर त्यानं मला चोळीबांगडीला दिलं आणि माझ्या नावावर लावलं. मी डोळे मिटल्यावर चंद्रीनं कुठं उभं राहायचं, याला माझ्याकडे तेवढं एकच उत्तर होतं.

त्या खाचरात जयसिंगरावाला तळं करायचं होतं. माशांचं.

पानशेत फुटून वर्षही झालं नव्हतं, लोक अजून पाण्याचं नाव काढलं की कानाला हात लावायचे, आणि हा म्हणतोय बांध घालतो. मी म्हटलं, "पाव्हणं, आमच्या घराण्यानं पाण्याला लई जमीन दिलीया. आनखी वीस गुंठं कशाला?" तर म्हणाला, "मामी, खाचरात भात किती व्हतंय? चार म्हैने पुरत न्हाई. तळं झालं तर वरीसभर घर खाईल."

खरं सांगायचं तर ते भात चार महिने पुरत नव्हतंच. म्हणून मी कबूल झाले. पण मी अट घातली आणि ती चंद्रीच्या देखत घातली. पहिल्या साली मासा हाताएवढा निघाला पाहिजे, कोपरापासून बोटांपर्यंत. निघाला तर दुसऱ्या दिवशी पौडला तहसील कचेरीत येईन आणि खाचर पाव्हण्यांच्या नावावर करीन. नाही निघाला तर बांध फोडून परत भात. जयसिंगराव 'व्हय' म्हणाला. तो कशालाही म्हणतो.

बांध मात्र त्यानं चांगला घातला. मी कुणाचं फुकट वाईट बोलत नाही. माघापासून वैशाखापर्यंत एकट्यानं माती ओढली, चोपण्यानं ठोकली, सांडव्याला दगड लावले. हाताची सालं निघाली. खालच्या अंगाला जिथून माती काढली तिथं तीन गुंठ्यांचं डबरं पडलं. आखाडातल्या पावसात दोन्ही भरली, वरती तळं आणि खाली डबरं, आणि बांध पावलाएवढाही खचला नाही. मी बांधावरून चालून पाहिलं आणि मनात म्हटलं, धोंडाबाई, तुझं चुकलं वाटतं.

पंधरा दिवस तसं वाटलं. मग माशांच्या खात्याचे साहेब आले.

साहेब पुण्याचे, किडमिडे, डोक्यावर टोपी, पायात चिखलानं भरलेले बूट. त्यांनी दोरीनं तळं मोजलं, वेळूनं खोली पाहिली, पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. मग ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाले, "जयसिंगराव, एवढ्या पाण्याला आठशे बोटुकली. त्याहून जास्त एकही नको."

बोटुकली म्हणजे बोटाएवढं माशाचं पिल्लू. तेव्हा ती कलकत्त्याकडून आगगाडीनं डब्यातून यायची.

"आन् जादा सोडली तर, साहेब?" जयसिंगरावानं विचारलं.

"तर जास्त उपाशी राहतील. पाण्यात खाणं किती आणि हवा किती, हे ठरलेलं असतं. आठशेंनी वाटून घेतलं तर आठशे वाढतील. चार हजारांनी वाटून घेतलं तर एकही वाढणार नाही, बोटाएवढे आले ते बोटाएवढेच राहतील."

चंद्री कपबशा न्यायला आली होती, ती तिथंच उभी राहिली. बोलत नाही माझी पोर, लहानपणापासून तशीच. मला वाटायचं डोक्यात काही नाही म्हणून तोंडात काही नाही. त्या दिवशी तिनं विचारलं, "आन् लईच कमी सोडली तर?"

साहेबांनी वर पाहिलं. "मग मासे मोठे होतात, पण थोडेच निघतात. पाणी वाया जातं. म्हणून बेतानं सोडायचे."

"चंद्रे, च्या आन आनखी," जयसिंगराव म्हणाला. साहेबांचा कप अजून अर्धा होता.

आता आमच्या गावाचं सांगते. गाव एका आडनावाचं, पण भावक्या पाच. पाचही एका पुरुषाची पोरं, आणि पाचांनाही आपणच थोरले वाटतात. होळीला पहिली गोवरी कुणी ठेवायची, पोळ्याला कुणाचा बैल वेशीतून पुढं जायचा, यावरून डोकी फुटलेली आहेत. एका साली बैल संध्याकाळपर्यंत वेशीत उभे होते आणि शेवटी कुणाचेच गेले नाहीत, सगळे मागल्या वाटेनं घरी नेले. असल्या गावात जयसिंगरावाला पंचायतीत निवडून यायचं होतं. बाहेरचा जावई. पाचही भावक्यांनी हात वर केल्याशिवाय ते होणार नव्हतं.

बोटुकली येणार ही बातमी लागली तशी थोरल्या भावकीचे भिवाजी ओट्यावर येऊन बसले. मोठा पटका, मोठ्या मिशा, आणि घरात सुनेला न घाबरता पाणी मागायची हिंमत नाही.

"जयसिंगराव," ते म्हणाले, "तळ्यात पैली हंडी कुनाच्या हातची पडनार?"

तिथंच म्हणायला हवं होतं, खाचर माझ्या सासूचं आहे, ती सोडेल. मी दारातच उभी होते. पण आमचे पाव्हणे म्हणाले, "तुमच्या हातची, आबा. तुमच्या बिगार कुनाच्या?"

संध्याकाळपर्यंत बाकीच्या चार भावक्यांचे चार म्हातारे येऊन गेले. चौघांनाही पहिल्या हंडीचं वचन मिळालं.

दुसऱ्या दिवशी त्याला कळलं की पाच जणांना पहिली हंडी देता येत नाही. मग त्यानं तोड काढली. पाच हंड्या, पाचही एकदम ओतायच्या. पण साहेबांची बोटुकली आठशे. ती पाचात वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला एकशे साठ, म्हणजे हंडीच्या तळाला चार शेपट्या हलणार. एवढ्याशानं कुणाचा मान होतो? तेवढ्यात त्याच्या कानावर आलं की मुठेच्या खोऱ्यात चार तळी पावसात फुटली आणि त्यांच्या वाट्याची पिल्लं डब्यात तशीच पडून आहेत. हा गेला आणि एस्टीच्या टपावर डबे लादून घेऊन आला. दर भावकीला पुऱ्या आठशेंची हंडी. पाच हंड्या, चार हजार.

मी बांधावर गेले. म्हटलं, "पाव्हणं, राबात भाताचं रोप किती दाट असतंय?"

"लई दाट असतंय, मामी."

"मग त्ये तितंच का ठेवत न्हाई? उपटून, चिखल तुडवून, कंबरडं मोडून एक एक चूड लांब लांब का लावतो आपन?"

"दाट ऱ्हायलं तर त्याला लोंबी धरत न्हाई."

"मग?"

तो हसला. त्याचं हसणं गोड आहे, चंद्री त्यालाच भुलली. "मामी, रोप एका जागी उभं असतंय. मासं चालतं-फिरतं हायेत. आपापली जागा करून घेत्यात की."

मी घरी आले.

श्रावणातल्या सोमवारी सोडायचा सोहळा झाला. पाच म्हातारे, पाच पटके, पाच हंड्या, हंड्यांना हळदकुंकू. वाजंत्री होते. जयसिंगराव मधे उभा राहून हात वर करून म्हणाला, "एक, दोन, तीन!" आणि पाचही हंड्या एकदम उपड्या झाल्या. तरी भिवाजींची अंमळ आधी झाली असं धाकट्या भावकीचं आजही म्हणणं आहे. वर गुलालही टाकला. माशांनी जन्मात पहिल्यांदा मुळशी पाहिली ती लाल पाण्यातून.

चंद्री त्या गर्दीत नव्हती. मला वाटलं, चूल पेटवायला गेली असेल.

दिवाळीनंतर थंडी पडली तशी तळ्यावर गंमत सुरू झाली. रोज उजाडताना मासे वर यायचे. दहा-वीस नव्हे, सगळे. पाणी दिसायचं नाही, नुसती तोंडं. उघडी, मिटलेली, उघडी. जयसिंगराव फुगून गेला. भल्या पहाटे भावक्यांतली माणसं बोलावून आणायचा, घोंगड्या पांघरून सगळे बांधावर ओळीनं बसायचे आणि हा हात पसरून दाखवायचा, "बघा आबा, तुमची हंडी कशी फळलीया! पानी दिसतंय का कुटं?" कुणी चुरमुरे टाकायचं. म्हातारे खूश. आपल्या हंडीतले कुठले ते ओळखून एकमेकांना दाखवायचे. भिवाजी म्हणायचे, "त्यो बघा, त्यो शेपटी हलीवतोय त्यो आमचा." मासे काही आपापल्या भावकीचा पटका बांधून फिरत नव्हते, पण यांना ओळखू यायचे.

एके दिवशी म्हसू धनगर मेंढरं घेऊन बांधाखालून चालला होता. थांबला, काठीवर हनुवटी ठेवून बघत राहिला. जयसिंगरावानं त्यालाही विचारलं, "कसं वाटतंय, म्हसू?"

"रागावणार न्हाई ना, मालक?"

"न्हाई. बोल की."

"पावसात एकदा माझी मेंढरं कुनाच्या तरी बंद खोलीत कोंडली व्हती. दार उघडलं तवा समदी अशीच तोंडं वर करून उभी व्हती." त्यानं काठीवरची हनुवटी उचलली. "सात मेली व्हती."

घोंगडीवाल्यांत कुणीतरी खोकलं. जयसिंगराव म्हणाला, "अरं, मेंढरू येगळं, मासा येगळा." म्हसू 'व्हय मालक' म्हणून गेला. जाताना मेंढरांना त्या तळ्याचं पाणी पाजलं नाही त्यानं, वर ओहोळावर नेलं.

त्या दिवशी दुपारी जेवताना चंद्री बोलली. ताटात भाकरी टाकता टाकता म्हणाली, "अजून येळ हाय. बहिरूदादा कोळ्याला जाळं घेऊन बोलवा. चारातलं तीन हिस्सं काढून ओहोळात सोडा. उरल्यालं वाढत्याल."

जयसिंगराव घास हातात धरून तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, शिरलं डोक्यात.

"काढू की," तो म्हणाला. "पर कुनाच्या भावकीचं काढू?"

चंद्रीनं तव्यावरची भाकरी उलटली.

"सांग की. भिवाजी आबाचं काढू? का धाकट्यांचं? गावाला काय सांगू, तुमचं ठेवलं आन् तुमचं फेकलं? एवढी अक्कल हाय तर ह्ये बी सांग."

"समद्यांचं सारखं काढा."

"आन् त्ये मोजायचं कसं? समदं एकात मिसळल्यालं हाय. न्हाई. आता त्ये न्हाई हुनार. तू भाकरी बघ, करपतीया."

भाकरी करपत नव्हती. मी समोरच बसले होते. पण मीही काही बोलले नाही, हे कबूल करते. जावई-लेकीच्या बोलण्यात सासूनं पडू नये, असं मनाला सांगितलं. खरं कारण वेगळं होतं. मला वाटत होतं, बुडू दे एकदा याचं तळं, बांध फुटू दे, माझं भात मला परत मिळू दे. चंद्रीचं काय, हा विचार तेव्हा माझ्या मनात पहिला आला नाही.

उलट मीच तिच्यावर डाफरले, ते दुसऱ्या गोष्टीवरून. रोज सकाळी ती गोठ्यातून शेणाची एक पाटी भरून खाली डबऱ्याकडे न्यायची, वर ओंजळभर कोंडा. आमच्याकडे शेण म्हणजे काय ते राब भाजणाऱ्यालाच कळेल. शेण, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून जाळल्याशिवाय रोप येत नाही. मी म्हटलं, "चंद्रे, त्या डबऱ्यात काय खत कुजीवतीयास का? शेण काय वर आलंय?" ती म्हणाली, "आये, एक पाटीच नेते." आणि दुसऱ्या दिवशी परत नेली. मी मनात म्हटलं, नवरा तळ्यात बुडाला, बायको डबऱ्यात. जोडा चांगला जमवला मी.

माघात तळ्याला वास यायला लागला. रोज सकाळी काठाला पांढरी पोटं दिसायची. जयसिंगराव कुणी उठायच्या आधी जाऊन ती वेचायचा आणि बांधाच्या मागं पुरायचा. त्याला वाटायचं, कुणाला दिसत नाही. मला गोठ्यातून सगळं दिसायचं. खाली वाकून एकेक मासा उचलताना पाहिला की क्षणभर वाईट वाटायचं. मग उजाडायचं, कुणीतरी म्हातारा यायचा, आणि याचे हात परत पसरायचे, "बघा आबा!" की माझं वाईट वाटणं संपायचं.

वैशाखात पाणी आटून कंबरेएवढं राहिलं तेव्हा तळं काढायचं ठरलं. पंचायतीची निवडणूक ज्येष्ठात होती. त्यानं पाचही भावक्यांना निमंत्रण दिलं, साहेबांना पत्र टाकलं, दर घराला एक मासा देणार म्हणून सांगितलं. बायका वाटण वाटून बसल्या होत्या. बहिरू कोळी आणि त्याचे दोघे भाऊ धरणाकडून ओढायचं मोठं जाळं घेऊन आले.

जाळं टाकलं. तिघं ओढायला लागले, मग भावक्यांतली चार पोरं हात द्यायला उतरली, इतकं जड. काठावर आरडाओरडा. "आला रं आला!" भिवाजी पटका सावरत पुढं झाले. जाळं काठाला आलं, बहिरूनं ते उघडलं आणि मागं सरला.

आत ढीगभर मासे होते. बोटाएवढे. फार तर बोट आणि वर नख. डोकी मोठी आणि मागं नुसती शेपटी, जशी दुष्काळातली पोरं. साहेबांनी एक उचलला, उलटासुलटा केला आणि खाली ठेवला.

मग धाकट्या भावकीतला एक जण म्हणाला, "ह्ये आमच्यातलं न्हाईत. आमच्या हंडीतलं चांगलं दांडगं व्हतं."

"मग काय आमच्यातलं हायेत?" भिवाजी भडकले. "तुमच्याच हंडीनं खाल्लं असंल समदं!"

"पैली हंडी तुमची पडली व्हती, आबा. पैलं खानं तुमच्यांनीच खाल्लं."

"बघितलं का, पैली आमची पडली ह्ये आज कबूल केलं ह्यानं! सगळ्यांनी ऐकलं!"

नऊ महिने वाट पाहिलेला मासा समोर पडलाय आणि यांचं हे चाललेलं. जयसिंगराव मधे जाऊन म्हणाला, "आबा, आकार बघू नका, संख्या बघा. हजारानं हायेत."

"संख्या काय रश्श्यात घालू?" भिवाजी म्हणाले.

तेव्हा मागून आवाज आला. "बहिरूदादा, खालच्या डबऱ्यात एकदा टाका की जाळं."

चंद्री होती. डोक्यावर पदर, हातात रिकामी पाटी. बहिरूनं जयसिंगरावाकडं पाहिलं. जयसिंगराव म्हणाला, "डबऱ्यात काय हाय? बेडकं?" पण मी म्हटलं, "बहिरू, टाक."

डबरं केवढं, तीन गुंठं. दोघांनी धरलं आणि निम्म्यात आले तोच पाणी फुटलं. एक मासा जाळ्यावरून उडाला आणि काठावर आपटला, ताडकन, ओल्या घोंगडीसारखा. कटला जातीचा होता. माझ्या कोपराला शेपटी लावली तर डोकं बोटांच्या पुढं. मग दुसरा. मग धाकटी पोरं ओरडत खाली धावली आणि सोहळा सगळा वरच्या तळ्यावरून खालच्या डबऱ्यावर आला.

साहेबांनी चंद्रीला विचारलं, "बाई, हे तुम्ही सोडले?"

"व्हय. त्या दिशी हंड्या पडायच्या आधी एक तपेली काढून घेतली. सत्तर मोजली."

"सत्तर का?"

"तुमीच सांगितलं व्हतं. वीस गुंठ्याला आठशे. मग तिनाला शंभर-सव्वाशे हुत्यात. पर डबरं उथळ हाय, उन्हाळ्यात आटतंय. म्हनून थोडी कमी केली. लई कमी न्हाई, पानी वाया जाईल म्हनून."

"आणि खायला?"

"शेण. आन् कोंडा."

साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग भाताची तागडी आणायला सांगितली. वरच्या तळ्यातले सगळे बारके मिळून दोन मण भरले. खालचे बासष्ट निघाले, ते दीड मण. वीस गुंठ्यांत दोन मण, तेही कुणी खाणार नाही असे काटे. आणि तीन गुंठ्यांत दीड मण, ज्याचा एकेक मासा एका घराला पुरेल. मला आकडे फारसे कळत नाहीत. हे कळलं. आणि शेणाच्या पाटीवरून पोरीला बोललेलं सगळं एकदम आठवलं.

जयसिंगरावानं त्या वेळी बायकोकडं पाहिलं असतं, एक शब्द बोलला असता, तर मी हे सांगायला बसले नसते. त्यानं पाहिलं भिवाजींकडे. पाचही म्हातारे पटके सावरून निघायच्या बेतात होते, आणि ज्येष्ठ महिना महिन्यावर आला होता.

"आबा, समद्यांनी ऐका," तो हात जोडून म्हणाला. "राग धरू नका. ह्ये मोठं मासं पाची भावक्यांत वाटून टाकू. आन् पुढल्या साली ह्ये तळं माझं एकट्याचं न्हाई, पाची भावक्यांचं. मामीचा शब्द हाय, हाताएवढा मासा निघाला की खाचर माझ्या नावावर. निघाला की न्हाई? उद्याच पौडला जातुया. एकदा माझ्या नावावर झालं की तितल्या तितं पाची घरांची नावं लावून टाकतो. दर साली पाच हंड्या, पाच हिस्सं."

भिवाजींचे पाय थांबले. मिशीवरून हात फिरला. "ह्याला म्हनत्यात मानूस," ते म्हणाले, आणि बाकीच्या चौघांनी माना हलवल्या. नऊ महिन्यांत पाचांचं एकमत झालं ते तेवढ्यावर, माझं खाचर आपसात वाटून घ्यायला.

चंद्रीनं पाटी खाली ठेवली. तिनं माझ्याकडं पाहिलं. रडत नव्हती, नुसतं पाहिलं, जणू मी काय करते ते तिला आधीच ठाऊक आहे आणि ते तसं नसावं असं वाटतंय.

मी पदर खोचला आणि डबऱ्याच्या काठावर त्या सगळ्यांच्या मधे गेले. भिवाजी म्हणाले, "वहिनी, तुमी कशाला उन्हात?" मी त्यांना हातानं गप्प केलं आणि जावयासमोर उभी राहिले. मोठ्यानं बोलले, बहिरूच्या भावांनाही ऐकू जाईल असं.

"पाव्हणं, बांध तुमी चांगला घातला. कुनी ईचारलं तर मी सांगीन, ह्यो बांध आमच्या जावयानं बांधला. पर वीस गुंठ्याच्या पाण्यात तुमी चार हजार जीव कोंबलं, ते भुकंसाठी न्हाई, पाच म्हाताऱ्यांच्या मिशीसाठी. आन् त्ये नासलं, तरी अक्कल आली न्हाई. आता माझ्या बापानं दिल्याल्या खाचरात पाच भावक्या कोंबाया निघालाय. माझा शब्द मला ठावं हाय. हाताएवढा मासा निघाला, तर उद्या पौडला जायाचं. जाऊ की. मी येते, तुमी या, चंद्री येईल. पर मासा ज्यानं काढला त्याचं नाव लागंल, आन् त्यो तुमी काढल्याला न्हाई. खाचर चंद्रीचं. येकटीचं. त्यात किती सोडायचं, कवा काढायचं, कुनाला मासा द्यायचा आन् कुनाला दारातनं परत लावायचा, त्ये ती सांगंल. तुमी शेणाची पाटी उचला, आन् बांध राखा. ह्ये घरात सांगता आलं असतं मला. पर तुमी घरात कुनाचं ऐकत न्हाई, म्हनून ह्या पाच जनांच्या म्होरं सांगितलं."